सोसायटीचा रविवारचा चहा: कागदी कप बंद करून कपबश्या आणायच्या आहेत

मुग्धा_कोथरूड

आमच्या इमारतीत दर रविवारी सकाळी आठ ते नऊ खाली पार्किंगमध्ये सगळ्यांचा चहा असतो. ३६ घरं आहेत, खाली येणारी माणसं तीस ते पस्तीस. लिफ्टमध्ये नुसती मान हलवण्यापलीकडे ओळख व्हावी, एवढाच हेतू. सध्या चहा बाहेरून मोठ्या फ्लास्कमध्ये येतो आणि कागदी कपातून दिला जातो. होतं असं, की लोक कप घेतात, दोन मिनिटं उभे राहतात आणि कप हातात घेऊनच वर निघून जातात. ज्येष्ठांना तो मऊ कप नीट धरता येत नाही, बोटांना चटका बसतो.

आता चहा खालीच करायचा आणि कपबशीतून द्यायचा असं ठरतंय. कप किती आणि कोणत्या प्रकारचे घ्यावेत? बशी हवीच का, की मग बरे? प्रत्येक घरानं आपल्याकडचे दोन-दोन कप आणून द्यावेत असाही एक प्रस्ताव आहे, तो कितपत चालेल? ३५ माणसांच्या चहाला पाणी, दूध, पावडर किती लागेल? मागे इथे चहा केला तेव्हा आलं घातल्यावर दूध फाटलं, ते कशामुळे? पाच जण बिनसाखरेचा घेतात, दोघा-तिघांना गुळाचा हवा असतो. आणि धुणार कोण, कसं? या शेवटच्या प्रश्नावर सगळी योजना अडली आहे.


खापरी

कपबशीचा निर्णय घ्याच. तुमच्या मुख्य तक्रारीवरचा उपाय तोच आहे. कागदी कप माणसाबरोबर कुठेही जातो. कपबशी परत द्यायची असते, म्हणून ती रिकामी होईपर्यंत माणूस तिथेच थांबतो. मात्र बसायला जागा करा. उभ्यानं एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात कप आला की बिस्कीट धरायला हात उरत नाही, मग लोक घाईघाईनं चहा संपवतात. वीसेक खुर्च्या आणि दोन बाकं असली तरी पुरे. खुर्च्या रांगेत नको, चार-पाच जणांच्या घोळक्यांत मांडा.

आकार: कप काठोकाठ भरल्यावर १२० ते १३० मिलीचा हवा, म्हणजे त्यात १०० मिली चहा सांडण्याची भीती न बाळगता देता येतो. दुकानदार हे माप सांगू शकेलच असं नाही. १०० मिलीची खूण केलेली छोटी बाटली पाण्यानं भरून न्या आणि कपात ओतून पाहा. पाणी काठाच्या अर्धा-पाऊण सेंटिमीटर खाली राहिलं पाहिजे. २५० मिलीचा मग घेऊ नका. त्यात चहा एकदाच ओतला जातो, निम्म्यावर येईपर्यंत गार होतो आणि उरलेला टाकला जातो. लहान कपाला दुसरी फेरी लागते. कोणीतरी किटली घेऊन प्रत्येकापाशी जातं, "अजून अर्धा?" विचारतं, आणि तेवढ्यात दोन वाक्यं बोलून होतात.

प्रकार: हॉटेलांत असतात तसे जाड, पांढरे, चिनी मातीचे कप घ्या. ते सुटे, डझनावर मिळतात. उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचा माल सगळीकडे येतो. नक्षीचे घेतलेत आणि वर्षभरानं चार फुटले, तर तीच नक्षी पुन्हा मिळेल याचा भरवसा नसतो. पांढरे कधीही मिळतात. बोन चायना हलकं आणि दिसतं त्यापेक्षा मजबूत असतं, पण पार्किंगच्या फरशीवर त्याची किंमत परवडणार नाही. मेलामाइन उकळत्या चहाला वापरू नये. स्टीलच्या कपाचा काठ ओठाला भाजतो. कटिंगचा काचेचा ग्लास चवीला झकास, पण त्याला कान नाही, म्हणून ज्येष्ठांना त्रास होतो. कुल्हड एकदाच वापरायची वस्तू आहे. त्याच्या बिनचकाकीच्या मातीत दूध मुरतं, धुऊनही निघत नाही आणि दुसऱ्या खेपेला वास येतो.

दुकानात प्रत्येक कप हातात घेऊन बघा. नखानं किंवा चमच्यानं हलकेच वाजवा. चांगला कप टणकन वाजतो. बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसला नाही तरी. मग कान बघा. तर्जनी आणि मधलं बोट अशी दोन्ही बोटं आत जायला हवीत. सांधे दुखणाऱ्या माणसाला एका बोटावर कप तोलता येत नाही, तो दोन्ही हातांनी कप वेढतो आणि भाजून घेतो. कान जिथे कपाला चिकटतो त्या दोन्ही सांध्यांवरून बोट फिरवा. तिथे बारीक रेघ लागली तर तो कप बाजूला ठेवा. नंतर बूड तपासा. बुडाची कडी बिनचकाकीची आणि खरखरीत असते. ती फारच खडबडीत असेल तर एकावर एक रचताना खालच्या कपाला ओरखडे पडतात. शेवटी कप बशीत ठेवून बशी थोडी तिरपी करा. कप खळग्यात बसून राहिला पाहिजे.

बशी हवीच, आणि खोलगट हवी. हल्ली सपाट बश्या येतात, त्यांत चहा ओतताच येत नाही. बशीत ६० मिली पाणी ओतून ती दोन्ही हातांनी ओठांपर्यंत नेऊन बघा. न सांडता जमलं तर बशी योग्य. बशीतून चहा पिणं गावठी समजून सोडून देणाऱ्यांसाठी सांगतो, त्यामागे चांगलं कारण आहे. पसरट भांड्यात चहाचा मोठा पृष्ठभाग हवेला लागतो आणि तो झपाट्यानं निवतो. ६५ अंशांहून जास्त गरम पेयं पिण्याची सवय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरते, असं वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये केलं आहे. शिवाय एका चहात दोघांचं भागतं, एकानं बशीतला घ्यायचा आणि दुसऱ्यानं कपातला. "मला नको, आत्ताच झाला" म्हणणाऱ्याला बसवून ठेवायला याहून चांगला मार्ग नाही.

कागदी कपाबद्दल कोणी अडून बसलं तर त्यांना हे सांगा: त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात १०० मिली गरम द्रव अशा कपात १५ मिनिटं ठेवल्यावर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरलेले आढळले.

संख्या: ३५ माणसांना चार डझन. बश्यांपेक्षा कप लवकर फुटतात, कानामुळे. म्हणून पुढच्या खरेदीत नुसते कप घ्या. एका कपबशीचं वजन साधारण ३८० ग्रॅम, म्हणजे ४८ कपबश्यांचं १८ किलोच्या वर जातं. एकाच खोक्यात भरू नका, दोन क्रेट करा.


आधण

चहाचं मी सांगतो. खाली दिलेलं प्रमाण प्रत्येकी १०० मिली, ३५ कपांसाठी आहे.

पाणी २.४ लिटर, म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध १.६ लिटर, सीटीसी (नेहमीची दाणेदार) पावडर ८० ग्रॅम, आलं ५० ग्रॅम, गवती चहाच्या दहा-बारा पाती, वेलदोडे बारा-पंधरा. साखरेचं पुढे लिहितो. बेरीज ४ लिटर होते आणि हातात साडेतीन लिटर येतं, कारण ८० ग्रॅम पावडर पाव लिटरहून जास्त पाणी पिऊन बसते आणि साधारण तेवढंच वाफेवर जातं. पातेलं ७ लिटरचं घ्या. पाच लिटरच्या पातेल्यात दुधाला उकळी फुटली की चहा हमखास उतू जातो. पितळी पातेलं असेल तर आतली कल्हई शाबूत आहे ना ते बघा.

पाणी पिण्याचं घ्या, बोअरचं नको. जड पाण्यात चहाला रंग काळपट येतो, चव बोथट होते आणि वर तवंग दिसतो. मग लोक पावडरीला दोष देतात.

शेगड्या दोन लागतील. एकीवर पाणी, त्यात ठेचलेलं आलं आणि कात्रीनं कापलेला गवती चहा थंड पाण्यातच घाला. दुसरीवर दूध. झाकण ठेवून पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या आणि आलं पुरती पाच मिनिटं उकळा. तुमचं दूध फाटण्याचं कारण इथेच आहे. ताज्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. कोमट ते ६० अंशांच्या आसपासच्या दुधात त्याचं काम जोरात चालतं. उकळत्या पाण्यात ते मरतं. आलं दुधात घातलं, किंवा न उकळलेल्या पाण्यात आलं घालून लगेच दूध ओतलं, की दूध सावकाश तापत जातं आणि बरोबर त्याच टप्प्यात जास्त वेळ राहतं. आलं आधी उकळून घेतलं तर दूध नासकं नसेल तोवर फाटणार नाही. आदल्या दिवशी किसून फ्रिजमध्ये ठेवलेलं आलं थेट चहात घालण्याची सवय असेल तर तीही सोडा.

आता पावडर घाला, आच मंद करा, अडीच मिनिटं. पावडर घालून मोठ्या आचेवर दहा मिनिटं रटरट उकळणं हे समारंभातल्या कडवट चहाचं पहिलं कारण. पावडर कमी घालून जास्त उकळण्यापेक्षा पुरेशी घालून कमी उकळावी. मग दूध ओता, पण उकळतं. फ्रिजमधलं दूध ओतलं तर चार लिटर चहा पुन्हा उकळीला यायला आठ-दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ पावडर कडू उतरत राहते. दूध पडल्यावर मोठ्या आचेवर दोन उकळ्या काढा. ओगराळ्यानं चहा वर उचलून धारेनं खाली सोडत राहा, तीन मिनिटं. अमृततुल्यवाले हेच करतात. त्यानं साय धरत नाही, उतू जायचं टळतं आणि चहा सगळीकडे एकसारखा होतो. गॅस बंद करून वेलदोडा सालासकट कुटून घाला, झाकण ठेवा, दोन मिनिटांनी गाळा. वेलदोडा उकळला तर त्याचा वास पार्किंगभर पसरेल, कपात उरणार नाही.

गाळणं मोठं घ्या, किंवा स्वच्छ मलमलीचं दुहेरी कापड. चोथा पिळू नका, कडूपणा त्यातच बसलेला असतो. घरगुती शेगडीवर हे सगळं २५ ते ३० मिनिटांत होतं. आठला चहा द्यायचा तर साडेसातला आधण ठेवा.

साखर: उकळताना घालूच नका. गाळलेल्या चहातून आधी बिनसाखरेचा अर्धा-पाऊण लिटर लहान फ्लास्कमध्ये काढून घ्या. उरलेल्या पावणेतीन-तीन लिटरमध्ये २१० ते २२० ग्रॅम साखर घालून ढवळा. चहा कढत असल्यामुळे मिनिटभरात विरघळते. वेगळी दोन पातेली करायची गरज नाही आणि बिनसाखरेचावाल्यांना सगळ्यांचाच चहा मिळतो. त्यांच्यासाठी नंतर घाईत केलेला पाणचट कप तेवढा देऊ नका. त्यांना पहिल्या फेरीतच द्या.

गुळाचा चहा याच चहातून होतो. गाळलेला बिनसाखरेचा चहा आचेवरून उतरवून दोन मिनिटं थांबा, कपाला ९ ते १० ग्रॅम बारीक चिरलेला गूळ घाला, ढवळा आणि पुन्हा गॅसवर ठेवू नका. गूळ किंचित आंबट असतो, त्यात दूध उकळलं की फाटतं. गुळागुळातही फरक असतो, म्हणून नवी ढेप आणली की घरी अर्धी वाटी गरम दुधात सुपारीएवढा खडा विरघळवून पाहा. दूध फुटलं तर तो गूळ पोळ्यांना ठेवा.

दुसरी फेरी पहिल्या चहातून वाचवून ठेवू नका. पहिली फेरी वाटली जात असताना ७०० मिली पाण्याचं आधण पुन्हा टाका. पाऊण तासानं मिळणारा ताजा अर्धा कप ही लोक थांबण्याची खात्रीची गोष्ट आहे.


मुग्धा_कोथरूड

आधण, खापरी, दोघांचेही मनापासून आभार. प्रमाण भिंतीवर लावण्यासारखं आहे. आता घरोघरचे कप गोळा करायचे की पांढरे विकत घ्यायचे, यावर आमच्याकडे दोन तट आहेत. कोणाचा अनुभव?


सीमा_सोलापूर

विकत घ्या, सगळे एकसारखे. आणि त्यामागचं कारण स्पष्टच लिहिते.

घरोघरचे कप आले की पहिल्या रविवारी गंमत वाटते. महिनाभरात प्रत्येक जण ट्रेमध्ये आपला कप शोधायला लागतो. "आमचा निळा कुठे गेला?" मग कोणाच्या कपातून कोण प्यायलं, याकडे नजर जाते. आपल्याकडे ही नजर नवी नाही. चहाच्या हॉटेलांबाहेर दलितांसाठी वेगळ्या कपबश्या ठेवल्या जात, त्या त्यांनीच विसळून पालथ्या घालून ठेवायच्या. तसं करणं १९५५ च्या कायद्यानं गुन्हा ठरवलं. १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. हॉटेल, धर्मशाळांमधली लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देण्याचा त्यात वेगळा उल्लेख आहे. कायद्यात भांड्यांचं नाव घ्यावं लागलं, इतका हा कपाचा प्रश्न खोल गेलेला होता. आणि घरांत तो संपलेला नाही. कामाला येणाऱ्या मावशींचा कप आजही कित्येक ओट्यांखाली वेगळा पालथा असतो, बहुतेक वेळा टवका उडालेला.

तेव्हा तुमच्या चहाला कोण कोण येणार ते आधी ठरवा. रखवालदार, जिना झाडणारे, कचरा नेणारे, गाड्या धुणारी मुलं त्या वेळी इमारतीतच असतात. त्यांना गेटवर कागदी कपात नेऊन दिला आणि बाकीच्यांनी चिनी मातीत घेतला, तर जे दुरावलेपण घालवायला निघालात ते आणखी पक्कं होईल. त्यांनाही त्याच ट्रेमधली कपबशी, खुर्चीवर बसून. तुमच्या ३५ मध्ये ही पाच-सहा माणसं धरली आहेत का? नसतील तर दूध-पावडरीचं प्रमाण ४१ चं करा: पाणी २.८ लिटर, दूध १.९ लिटर, पावडर ९४ ग्रॅम. साखर एवढ्यानं वाढवा असं सांगत नाही, कारण अंगमेहनत करणारी माणसं जास्त गोड घेतात. टेबलावर साखरेचा डबा आणि चमचा ठेवा.

रखवालदाराला गेट सोडता येत नसेल तर एखाद्या घरानं दहा मिनिटं गेटवर उभं राहावं.


वाडीकर

सीमाताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तरीही घरोघरचे कप अगदीच बाद करू नयेत असं मला वाटतं.

कोकणात बऱ्याच वाड्यांची सामायिक भांडी असतात. मोठे टोप, पराती, कळश्या, त्यांवर वाडीचं नाव घातलेलं. ज्याच्याकडे कार्य असेल त्यानं मोजून न्यायची, घासून मोजून परत आणायची. ती भांडी कोणा एकाची नसतात, म्हणूनच सगळे जपतात. दुकानातून आणलेल्या पांढऱ्या कपांना ही आपुलकी यायला वेळ लागतो. घरून आलेल्या कपाला बोलायला विषय असतो: हा लग्नाच्या आहेरातल्या सेटमधला उरलेला, हा बँकेच्या निरोप समारंभात मिळालेला, ही बशी कपाशिवाय वीस वर्षं सांभाळलेली. नव्या भाडेकरूला शेजारच्या काकूंशी बोलायला निमित्त हवं असतं, ते हातातच येतं.

माझी सूचना अशी: प्रत्येक घरानं दोन आणायचे नाहीत, एकच कपबशी द्यायची. ३६ झाल्या. वर १२ साध्या पांढऱ्या विकत घ्यायच्या. तुमचे चार डझन पुरे झाले. ज्यांच्याकडे द्यायला कपबशी नाही किंवा द्यायची इच्छा नाही त्यांची भर या डझनातून निघते आणि कोणी दिली, कोणी नाही, याची चौकशी होत नाही.

आता सीमाताईंनी सांगितलेला धोका. तो टाळायला एक नियम पुरतो. ट्रेमधून कप कोणी उचलायचा नाही. ज्याची वाटायची पाळी असेल तो हाताला येईल ती कपबशी पुढच्या माणसाला देईल. घरानं दिलेला कप त्या दिवसापासून इमारतीचा. बुडाशी नाव लिहायचं नाही, फक्त ओळखीसाठी एकाच रंगाच्या नेलपेंटचा ठिपका, म्हणजे घरच्या कपांत मिसळणार नाही. कप आणि त्याची बशी यांच्या जोड्याही जुळवत बसू नका. निळ्या कपाखाली पिवळी बशी आली तरी चहा तोच.


सीमा_सोलापूर

वाटणारा देईल तो कप, हा नियम पाळला जाणार असेल तर माझा विरोध नाही. पण पहिल्या दिवसापासून पाळा आणि अध्यक्षांपासून सुरुवात करा. वाटणारी पाळीही सर्व घरांत फिरली पाहिजे. चहा देणारी माणसं कायम बायकाच असतील तर चहा पिताना गप्पा कोण मारतंय ते बघा.


खापरी

घरचे कप घेणार असाल तर तीन प्रकार परत पाठवा. सोनेरी काठाचे, कारण रोजच्या घासण्यात तो काठ जातो आणि देणाऱ्याला वाईट वाटतं. चकाकीला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे गेलेले, कारण त्यांत चहा मुरतो, तपकिरी रेघा पडतात आणि आतून स्वच्छ होत नाहीत. आणि फार जुने, आतल्या बाजूनं हातानं रंगवलेले, कारण जुन्या रंगांत आणि चकाकीत शिसं असू शकतं. असे कप फडताळात शोभेला राहू द्या.

कान चिकटवलेला कप कोणालाही देऊ नका. झटपट चिकटणारा डिंक उष्णता आणि ओल यांनी ढिला पडतो. कान सुटतो तो कप भरलेला असतानाच, आणि चहा मांडीवर येतो. त्यात तुळशीचं रोप लावा.

थंडीत सकाळी कप गार पडलेले असतात. त्यात एकदम कढत चहा ओतला की जुन्या कपाला तडा जातो, शिवाय चहाही लगेच निवतो. वाटण्याआधी टबात गरम पाणी घेऊन कप मिनिटभर बुडवून काढा.


दिपाली_ठाणे

धुण्याचं गणित. तीन टब, प्रत्येकात आठ-दहा लिटर पाणी. पहिल्यात साधं पाणी: पिऊन झालं की प्रत्येकानं आपली कपबशी स्वतः तिथे विसळून ठेवायची. हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. दुधाचा चहा कपात वाळला की तळाशी चिकट कडं बसतं आणि मग प्रत्येक कपाला दुप्पट वेळ जातो. दुसऱ्यात कोमट पाणी आणि दोन चमचे भांड्यांचा लिक्विड साबण, मऊ स्पंज. तिसऱ्यात स्वच्छ पाणी, निम्मे कप झाले की बदलायचं. टबाच्या तळाशी जुना टॉवेल अंथरा. टवके उडतात ते धुताना, कप टबात एकमेकांवर आपटून.

दोन माणसं लागतात आणि अर्धा तास पुरतो. आठवड्याला दोन घरं घेतली तर ३६ घरांत प्रत्येकाची पाळी १८ रविवारांनी येते. यादी वर्षाच्या सुरुवातीलाच लावा. हे काम झाडणाऱ्या मावशींच्या गळ्यात घालू नका, आणि घालायचंच असेल तर ठरवून, वेगळे पैसे देऊन. माझं मत विचाराल तर घालूच नका. कप विसळताना लोक टेबलापेक्षा जास्त मोकळे बोलतात.

धुतलेले कप स्वच्छ सुती पंच्यावर पालथे घाला, पण कोरडे झाल्यावर क्रेटमध्ये सुलटे ठेवा. ओले आणि पालथे बंद करून ठेवले तर आठवड्यानं कुबट वास येतो. बश्या आडव्या रचताना मध्ये वर्तमानपत्राचा तुकडा घाला आणि सहाच्या वर रचू नका. कप एकात एक खुपसू नका, अडकतात आणि ओढताना कान जातो.

चहाचे तपकिरी डाग तारेच्या घासणीनं काढू नका. चकाकीवर ओरखडे उठतात आणि पुढच्या वेळी डाग त्यांतच बसतो. ओल्या फडक्यावर अर्धा चमचा खायचा सोडा घेऊन चोळा, मिनिटाभरात निघतो. महिन्यातून एकदा पुरे. फ्लास्कच्या आतल्या डागांना दोन चमचे सोडा आणि उकळतं पाणी, अर्धा तास, मग बाटलीच्या ब्रशनं.


मुग्धा_कोथरूड

एकच शेवटचं. चौथ्या मजल्यावर एक आजी-आजोबा आहेत, ते खाली येऊ शकत नाहीत. आत्तापर्यंत त्यांना कागदी कप झाकून वर नेत होतो. कपबशी वर नेताना बशीत सांडतं. काय करावं?


आधण

भरलेला कप नेऊ नका. अर्धा लिटरचा स्टीलचा फ्लास्क न्या आणि सोबत तीन रिकाम्या कपबश्या, तिसरी नेणाऱ्याची. फ्लास्कमध्ये आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ओतून टाका, मग लगेच गाळलेला चहा काठापर्यंत भरा. फ्लास्क थंड असेल किंवा अर्धा रिकामा राहिला तर चहा लवकर निवतो. दुधाचा चहा फ्लास्कमध्ये अर्धा-पाऊण तास चांगला राहतो, त्यानंतर त्याला शिळा वास यायला लागतो, म्हणून पहिल्या फेरीतलाच न्या. साखर घालू नका, सोबत छोट्या डबीत द्या. चहा त्यांच्या समोर ओतायचा आणि तिथेच बसून आपलाही प्यायचा. नेणारं घर दर आठवड्याला वेगळं ठेवा, म्हणजे वर्षभरात सगळी इमारत त्यांच्याकडे जाऊन आलेली असेल. आजी-आजोबांचाही एक कप खालच्या ३६ मध्ये घ्यायला विसरू नका.